निळ्या रांगेतली माणसं

१

चौकशीचा रिपोर्ट घरी आला तेव्हा माझी बायको भांडी विसळत होती. हात कोरडे करून तिनं आधी शेवटचं पान उघडलं. वाचलं. मग पहिल्यापासून सगळा वाचून काढला, पुन्हा शेवटच्या पानावर आली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, यातून काहीतरी चोरीला गेलंय."

शांतपणा हा तिचा पेशा आहे. ती ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. घरात कुणी कोसळलं, भाजलं, श्वास अडकला की लोक जो नंबर फिरवतात, त्यावर पलीकडून येणाऱ्या आवाजांपैकी एक तिचा. लोक रडतात, ओरडतात, शिव्या घालतात, आणि ही त्यांना पत्ता विचारते. वर्षानुवर्षं तिनं हे काम केलं आणि गावाला ती कोण हे माहीत नव्हतं. मग एका फोनचं रेकॉर्डिंग बातम्यांत वाजलं आणि ती सगळ्यांना माहीत झाली.

तो फोन दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका मुलीनं केला होता. तिच्या वडिलांना धाप लागली होती. माझ्या बायकोनं स्क्रीनवर येतील ते प्रश्न विचारले, उत्तरं भरली, आणि नव्या यंत्रणेनं रंग दिला, निळा. या यंत्रणेत तीन रंग आहेत. लाल म्हणजे गाडी ताबडतोब निघणार. पिवळा म्हणजे गाडी निघणार, पण रांगेनं. निळा म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. नर्स उलट फोन करून चौकशी करील आणि मग ठरेल. माझ्या बायकोला त्या म्हाताऱ्याची धाप फोनमधून ऐकू येत होती. तिनं रंग बदलायची खटपट केली, पण ते ऑपरेटरच्या हातात ठेवलेलंच नाही. शेवटी नियमात होतं ते तिनं सांगितलं. "थांबा. नर्सचा फोन येईल. फोन मोकळा ठेवा."

मुलगी थांबली. नर्सचा फोन आला तोवर वडील गेले होते.

"फोन मोकळा ठेवा" एवढंच लोकांनी ऐकलं. माझ्या चष्म्याच्या दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक, मी कोण ते न कळून, त्या बाईला फासावर द्यायला हवं असं म्हणालं. मी त्याच्या काचा पुसून त्याच्या हातात दिल्या. बायकोला सस्पेंड केलं, चौकशी समिती बसली, आणि नव्या यंत्रणेमुळे माणसं जास्त दगावतात का, याचा आकड्यांवरून अभ्यास करायचं ठरलं.

अभ्यास कंट्रोल रूमच्याच आकडेवाल्यानं सुरू केला. मधल्या टप्प्यावर त्यानं कँटीनमध्ये सगळ्या ऑपरेटर बायकांसमोर सांगितलं होतं, की माणसं जास्त दगावताहेत हे खरं आहे आणि त्याची वाट निळ्या रंगातून जाते. ते ऐकून आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी पोटभर जेवलं होतं.

आणि आता हा छापील रिपोर्ट. माणसं जास्त दगावली, हे त्यातही होतं. पण पुढं लिहिलं होतं, की फोन कुठल्या रंगात गेला याचा त्यातला वाटा संख्याशास्त्राच्या दृष्टीनं लक्षणीय नाही. उरलेला परिणाम ऑपरेटरांच्या बोलण्याच्या पद्धतीचा असावा.

म्हणजे दोष बायकांच्या तोंडाचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोनं रिपोर्ट मिटला आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीला बोलवा."

हे वाक्य तिच्या तोंडून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

२

माझी धाकटी बहीण कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. उंच, काटकुळी, आवाज असा की मागच्या बाकावरचाही दचकावा. घरात तिला आम्ही चिमी म्हणतो आणि तिची पन्नाशी उलटली तरी ते सुटलेलं नाही. चिमी आणि माझी बायको यांचं भांडण कधीच झालं नाही. भांडायला आधी थोडी जवळीक लागते. एकमेकींशी त्या इतक्या अदबीनं बोलत, की मधे बसलेल्या माणसाला घाम फुटावा.

चिमीनं रिपोर्ट उभ्यानंच वाचला. मग वहिनीला नव्हे, मला विचारलं, की मूळ आकडे मिळतील का. बायको म्हणाली, "मिळतील, वन्सं. चौकशीत मला एक मदतनीस घेता येतो आणि त्याला आकडे दाखवावे लागतात. तुमचं नाव देऊ का?"

"द्या, वहिनी," चिमी म्हणाली. या दोन वाक्यांत त्यांनी अख्ख्या वर्षभराचं बोलणं उरकलं.

आकडे आले. नावं पुसलेली, प्रत्येक फोनाबद्दल तीनच गोष्टी. फोन जुन्या यंत्रणेतला की नव्या, रंग कुठला, आणि माणूस वाचला की नाही. जुन्या फोनांनाही रंग होते, कारण लाल आणि पिवळा पूर्वीपासून होते. निळा नुसता कागदोपत्री होता, पण कुणी वापरत नव्हतं.

चिमी ते घेऊन माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसली. मी तिला विचारलं, की नेमकं शोधायचं काय. ती म्हणाली, भिंतीला ओल आली की पाणी कुठून मुरतंय ते आपण शोधतो ना, तसं. यंत्रणा बदलली हे एक टोक. माणसं दगावली हे दुसरं. मधे रंग आहे, म्हणजे रंग हा मध्यस्थ. यंत्रणेनं केलेल्या नुकसानातलं किती नुकसान या मध्यस्थाच्या हातून पुढं गेलं ते मोजायचं, आणि ते निव्वळ योगायोगानं दिसतंय का हेही तपासायचं. मध्यस्थाच्या हातून काहीच गेलं नाही असं ठरलं, तर जे उरतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारायला मोकळं.

"माझ्या बायकोच्या," मी म्हणालो.

"सगळ्याच बायकांच्या."

दुपारभर ती बाहेर आली नाही. मला वाटलं होतं, कुणीतरी मेलेल्या माणसांची संख्या कमी केली असेल, निळे फोन गाळले असतील. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला होता.

"दादा, कंट्रोल रूममधल्या कुठल्याही नोंदीशी ताडून बघ. यातला एकही आकडा कुणी बदललेला नाही."

३

एकही आकडा न बदलता निष्कर्ष उलटा कसा होतो? चिमीनं आधी माणसांना भेटायचं ठरवलं. शनिवारी मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर हिंडलो.

आकडेवाला मात्र आदल्या संध्याकाळीच स्वतः दुकानात आला, कारण त्याला नवा चष्मा हवा होता. घाबरलेला, सारखा दाराकडे बघणारा. त्यानं सांगितलं, की मधल्या टप्प्यापर्यंतचं काम त्याचं. शेवटचं नाही. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तो रजेवर गेला, आणि परत आला तर रिपोर्ट छापून तयार. कुणी पूर्ण केला असं विचारलं तर त्याला "डिपार्टमेंटनं" एवढंच उत्तर मिळालं. त्याचा शब्द खरा की खोटा हे मला विचारायची गरज नव्हती. मी त्याचे डोळे तपासले होते. त्या आठवड्यांत त्याला स्क्रीनवरची ओळ सोडाच, स्क्रीनही धड दिसली नसती.

जाताना चिमीनं त्याला विचारलं, की यंत्रणा रंगांची नोंद कशी ठेवते. तो म्हणाला, स्क्रीनवर जशी बटणं आहेत त्या क्रमानं. निळा एक, लाल दोन, पिवळा तीन. पण ते नुसते नंबर, घरांना असतात तसे. त्यानं स्वतः कधी ते नंबर हिशेबात घेतले नव्हते.

दुसरा भेटला यंत्रणा विकणाऱ्या कंपनीचा माणूस. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्यानं आम्हा दोघांना एकेक पेन दिलं आणि आपली यंत्रणा किती गावांत चालते ते ऐकवलं. मला तोच चोर वाटला. बाहेर पडल्यावर चिमीनं डोकं हलवलं. कोण वाचलं, कोण गेलं, हे इस्पितळांकडून फक्त कंट्रोल रूमला कळतं. ते माहीत नसताना हा काय करणार?

तिसरे डॉक्टर. कंट्रोल रूमचे वैद्यकीय सल्लागार. निळा रंग पुढं आणायची कल्पना त्यांची, त्यामुळे रिपोर्टानं सगळ्यात मोठी सुटका कुणाची झाली असेल तर त्यांची. आम्हाला त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही. निळा रंग उत्तम आहे, त्याच्यामागे विचार आहे, असं त्यांनी खडसावून सांगितलं. शंका असेल तर अनुभवी नर्सनं बोलावं, म्हणून त्यांनी तो स्क्रीनवर सगळ्यात वर ठेवायला लावला होता. चिमीनं शांतपणे विचारलं, की मग चूक ऑपरेटरांच्या बोलण्यात आहे हे त्यांना पटतं का.

डॉक्टर आणखी भडकले. "त्या बायकांना बोलायला मी शिकवलंय. त्यांच्या बोलण्यात काडीची चूक नाही."

जिन्यावरून उतरताना मी म्हणालो, की माणूस तुसडा आहे, हाच असणार. चिमी पायरीवर थांबली.

"जो रिपोर्ट डॉक्टरांचं शिकवणंच वाईट ठरवतो, तो डॉक्टर कशाला लिहितील?"

मग उरल्या फक्त कंट्रोल रूमच्या संचालकबाई.

४

संचालकबाईंनी आम्हाला कॉफी दिली. खोली नीटनेटकी, खिडकीत हिरवी रोपं, काचेच्या भिंतीपलीकडे कंट्रोल रूमचा गालिचा आणि हेडफोन लावलेल्या बायकांच्या पाठी दिसत होत्या. त्यांतली एक खुर्ची रिकामी होती. ती कुणाची हे मला सांगावं लागलं नाही.

बाई मनानं चांगल्या असाव्यात असं मला वाटलं, आणि ते वाटल्याचा मला आजही राग येतो. माझ्या बायकोबद्दल त्या आपुलकीनं बोलल्या. शिक्षा सौम्य व्हावी म्हणून आपण शब्द टाकू म्हणाल्या. थोडं प्रशिक्षण, मग दुसऱ्या विभागात बदली, लोकही विसरतील. आकड्यांतलं आपल्याला काही कळत नाही, ते त्या मुलाचं काम, असंही दोनदा सांगितलं. तो रजेवर असताना काम कुणी पुरं केलं, यावर त्यांनी हात हवेत फिरवला. सगळ्यांनी मिळून, म्हणाल्या.

चिमीनं एकच प्रश्न विचारला. रंगांचा काहीच वाटा नाही, याचं त्यांना आश्चर्य नाही वाटलं?

"वाटलं ना," बाई म्हणाल्या. "मलाही आधी रंगांचाच संशय होता. पण सरासरी जागची हललेलीच नाही म्हटल्यावर काय बोलणार?"

चिमीनं कॉफीचा कप खाली ठेवला, आभार मानले आणि उठली. रस्त्यावर आल्यावर ती इतक्या भराभर चालू लागली, की मला मागून पळावं लागलं. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "दुकानाची किल्ली दे. आणि चष्म्यांच्या रिकाम्या डब्या किती आहेत तुझ्याकडे?"

५

मी आणि माझी बायको काउंटरच्या या बाजूला उभे राहिलो. चिमीनं तीन ट्रे ओळीनं मांडले आणि त्यांवर खडूनं एक, दोन, तीन असं लिहिलं.

"रंगांना नंबर द्यायचे आणि ते नंबर खरेच आकडे आहेत असं समजून हिशेब करायचा. असं कुणी केलं, तर काय होतं बघा. वहिनी, जुन्या यंत्रणेत धाप लागलेल्या माणसांचे फोन कुठं जायचे?"

बहुतेक पिवळ्यात, बायको म्हणाली. गाडी जायचीच, थोडी उशिरा.

चिमीनं सगळ्या डब्या मधल्या ट्रेमध्ये ठेवल्या. "लालला एक, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन असे नंबर दिले. सगळे दोनवर. सरासरी दोन. आता नवी यंत्रणा?"

बायकोनं क्षणभर ट्रेकडे बघितलं आणि मग स्वतःच हात पुढं केला. मधल्या ट्रेमधल्या निम्म्या डब्या तिनं डावीकडच्या एक नंबरच्या ट्रेमध्ये टाकल्या. "हे लाल. यांना गाडी आधीपेक्षा लवकर मिळाली." उरलेल्या निम्म्या तिसऱ्यात टाकल्या, जरा जोरात. "आणि हे निळे."

"सरासरी?" चिमीनं मला विचारलं.

मी हिशेब केला. निम्मे एकवर, निम्मे तीनवर. सरासरी दोन. आधी होती तेवढीच.

मधला ट्रे रिकामा होता. एकही डबी जागेवर राहिली नव्हती. आणि हिशेब म्हणत होता, की काहीच हललं नाही.

माझी बायको तिसऱ्या ट्रेकडे बघत राहिली. त्यातली एक डबी तिनं उचलून हातात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

यंत्रणेमुळे रंग हललेच नाहीत असं एकदा ठरलं, की रंगांच्या वाटेनं काही नुकसान झालं असं म्हणता येत नाही. चाचणी लावा, ती म्हणणार, लक्षणीय नाही. चिमीनं मग खरी रीत सांगितली. रंग म्हणजे पायऱ्या नव्हेत, वेगवेगळी घरं आहेत. प्रत्येक घरात किती माणसं गेली, तिथं किती दगावली, हे सुटं मोजायचं आणि शेवटी सगळ्या घरांना मिळून एकच प्रश्न विचारायचा, की तुमच्यातून नुकसान गेलं का. योगायोगाची शंका असेल तर सगळे फोन जणू एका पिशवीत घालायचे, एक काढायचा, टिपायचा, परत पिशवीत टाकायचा, आणि तेवढेच फोन होईपर्यंत हे करून पुन्हा हिशेब मांडायचा. कॉम्प्युटर हे हजारो वेळा करतो. योगायोग असता तर निळ्या वाटेचं नुकसान कधी दिसलं असतं, कधी नाहीसं झालं असतं. तिनं ते करून बघितलं होतं. नुकसान जवळजवळ प्रत्येक वेळी तिथंच होतं.

"म्हणजे कुणाची तरी घोडचूक," मी म्हणालो.

"मीही तसंच म्हटलं असतं." चिमीनं ट्रे उचलले आणि त्यांची जागा बदलली. "पण चूक करणारा माणूस आळशी असतो. त्यानं यंत्रणेचेच नंबर उचलले असते. निळा एक, लाल दोन, पिवळा तीन. तसं करून बघ."

मी करून बघितलं. आधी सगळे तीनवर. नंतर निम्मे एकवर, निम्मे दोनवर. सरासरी धाडकन खाली येत होती. त्या चुकीच्या हिशेबातूनसुद्धा निळ्याचं पाप लपत नव्हतं. तिसऱ्या तऱ्हेनं, निळा मधे ठेवून पाहिलं, तरी ते लपत नव्हतं. ते लपत होतं फक्त एका मांडणीत, पिवळा मधोमध बसवला तर.

"कुणीतरी तिन्ही मांडण्या करून बघितल्या," चिमी म्हणाली, "आणि हवी ती ठेवली."

बायकोनं हातातली डबी ट्रेमध्ये ठेवली. "वन्सं, कोण ते तुम्हाला कळलंय."

"सुनावणीत विचारते. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा."

६

सुनावणी कंट्रोल रूमला लागूनच्या, काचेची भिंत असलेल्या खोलीत झाली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या. टेबलाच्या एका बाजूला संचालकबाई, डॉक्टर, आकडेवाला. दुसऱ्या बाजूला आम्ही. मागच्या खुर्चीत पाट्या रंगवणारी मुलगी बसली होती, नखांच्या कडांना रंग लागलेला. माझ्या बायकोकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

चिमीनं ट्रे मांडले, डब्या इकडून तिकडे केल्या, आणि माझ्या दुकानात जे दाखवलं तेच दाखवलं. न्यायाधीशबाईंनी दोनदा करून घेतलं. डॉक्टर पुढं झुकून बघत होते. संचालकबाई म्हणाल्या, की असं काही झालं असेल तर वाईट आहे, पण रंग तातडीच्या क्रमानं लावणं हे स्वाभाविकच नाही का. लाल, मग पिवळा, मग निळा. कुणीही तसंच लावील.

उत्तर चिमीनं दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "निळा पिवळ्याच्या खाली? कुणी सांगितलं? निळा म्हणजे अजून ठरलेलं नाही. त्यात मरायला टेकलेला माणूसही असू शकतो. हे इथं झाडूवाल्यालाही माहीत आहे."

चिमी संचालकबाईंकडे वळली. शनिवारी आपण भेटलो तेव्हा तुम्ही एक वाक्य बोललात, असं म्हणून तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, सरासरी जागची हललेलीच नाही. मग तिनं रिपोर्ट उघडून न्यायाधीशबाईंसमोर ठेवला. या रिपोर्टात सरासरी हा शब्द कुठंही नाही. रंगांना नंबर दिल्याचा उल्लेख कुठंही नाही. या मुलानं कधी दिले नव्हते आणि तो रजेवर होता.

"लाल, पिवळा, निळा यांची सरासरी नसते," ती म्हणाली. "ज्यानं रंगांना नंबर दिले, त्यालाच ती दिसते. तुम्ही कशाची सरासरी बघितलीत, मॅडम?"

संचालकबाईंनी समोरचा पाण्याचा ग्लास थोडा सरकवला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, की तुम्हाला हा विषय येतो का. तेव्हा त्या म्हणाल्या, की कॉलेजात हाच विषय होता.

मग त्या बोलू लागल्या, आणि मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्यांच्या आवाजातल्या समजूतदारपणाचा. मी एकही आकडा बदलला नाही, त्या म्हणाल्या. मी फक्त रंग एका ओळीत लावले. यंत्रणा आणताना मी वरच्यांना शब्द दिला होता. मधला निष्कर्ष बाहेर गेला असता तर अख्खी यंत्रणा गुंडाळली असती, आणि धाप लागलेल्यांतल्या निम्म्या माणसांना तर गाडी आधीपेक्षा लवकर मिळत होती. त्यांचा विचार कुणी करायचा? एकूणात बघायला नको का?

चिमीच्या कपाळावरची शीर दिसू लागली होती, पण ती बोलायच्या आत डॉक्टर उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"मला का नाही सांगितलं? लाल तसाच ठेवून एकटा निळा बंद करता आला असता. एका बटणाचं काम होतं. त्याच दुपारी झालं असतं."

संचालकबाई म्हणाल्या, की तुम्हीच तो रंग आणला होता. तुम्हाला वाईट वाटलं असतं.

मग डॉक्टरांनी आकडेवाल्याला विचारलं, की मधला निष्कर्ष आल्यापासून आजपर्यंत निळ्यात किती जण गेले. त्या मुलानं चष्मा काढला. आकडा त्याला माहीत होता. त्यानं तो सांगितला, आणि मी तो इथं लिहीत नाही, कारण आकडा लिहिला की माणसं त्याच्या मागं जाऊन उभी राहतात आणि दिसेनाशी होतात.

डॉक्टर खोलीतून बाहेर गेले. काचेच्या भिंतीपलीकडे ते कंट्रोल रूममध्ये शिरले आणि मुख्य कॉम्प्युटरवर वाकले. थोड्या वेळानं सगळ्या बायकांच्या स्क्रीनवर वरचं बटण विझलं. एकेकीनं मान वर करून पाहिलं.

इतकंच काम होतं ते.

७

बायकोवरचे आरोप मागं घेतले गेले. संचालकबाईंमागे चौकशी लागली. जाहीर निवेदन निघालं, त्यात लिहिलं होतं की वर्गवारीच्या पद्धतीत तांत्रिक स्वरूपाची त्रुटी आढळली. चिमीनं ते वाचून पेपर भिरकावला. तिच्या मते त्या वाक्यात करणारा कुणी नव्हता आणि मरणाराही कुणी नव्हता.

सुनावणी संपली तेव्हाच ती मुलगी निघून गेली होती. बायकोला तिला भेटायचं होतं. एकटीनं जायचं धाडस तिला होईना, आणि मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. शेवटी ती चिमीबरोबर गेली. मी तरीही मागून गेलो आणि रस्त्याच्या पलीकडे थांबलो, त्यामुळे पुढचं मला थोडं दिसलं आणि बाकीचं नंतर कळलं.

मुलीचं दुकान लहान होतं. भिंतीला टेकवलेल्या अर्धवट पाट्या, टर्पेंटाइनचा वास. तिनं दोघींना आत घेतलं, पण बसायला सांगितलं नाही. माझ्या बायकोनं आपण कोण ते सांगितलं, जे तिला माहीत होतं. मग म्हणाली, की मी माफी मागायला आले आहे असं समजू नका, माफीनं काही होत नाही. तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगायला आले.

मुलगी ब्रश पुसत राहिली. मग म्हणाली, की खाली रिक्षा उभी होती. खिडकीतून दिसत होती. बाबांना उचलून त्यात घालता आलं असतं. इतके महिने तिला तीच रिक्षा दिसत होती. लोकांसमोर ती माझ्या बायकोला बोल लावत होती, पण रोज स्वतःला विचारत होती, की मी ऐकलं कशाला, थांबले कशाला.

"तुम्ही थांबलात, कारण मी थांबा म्हटलं," माझी बायको म्हणाली. "आणि विश्वास ठेवण्यासारखाच तो आवाज होता. त्यात तुमचं काही चुकलं नाही."

मुलीनं तोंड फिरवलं. चिमी, जिला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कधी कळलेलं नाही, एका पाटीवरची अक्षरं न्याहाळत उभी राहिली.

जरा वेळानं मुलीनं विचारलं, "आणि बाकीचे? जे थांबले होते, त्यांना कुणी सांगितलं?"

कुणीच नाही, बायको म्हणाली. नावं-पत्ते कंट्रोल रूमच्या बाहेर देता येत नाहीत, मी देणारही नाही. आणि कार्यालय म्हणतं, निवेदन काढलंय, ते पुरे.

मुलीनं भिंतीशी टेकवलेली एक मोठी कोरी पाटी उचलून टेबलावर आडवी ठेवली. काय करताय, असं चिमीनं विचारलं. ती उत्तर न देता पट्टीनं रेघा आखू लागली. माझी बायको पाटीचं दुसरं टोक धरायला पुढं झाली.

ती पाटी दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दाराबाहेर लागली. मोठ्या, सरळ, दुरून वाचता येतील अशा अक्षरांत लिहिलं होतं, "ॲम्ब्युलन्सला फोन केल्यावर ज्यांना थांबायला सांगितलं होतं, त्यांनी आत यावं. चूक तुमची नव्हती."

पहिले काही दिवस कुणी आलं नाही. लोक वाचत आणि पुढं जात. बायको ड्यूटी संपली की तिथं जाऊन बसे, कधी चिमीही येई, वह्या तपासत कोपऱ्यात बसे. त्या दोघी आताही फारसं बोलत नाहीत, पण चहा एकाच किटलीतला घेतात.

मग एका संध्याकाळी मी बायकोला न्यायला गेलो तर पाटीसमोर एक म्हातारा उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्यानं पाटी वाचली, रस्ता ओलांडून गेला, परत आला, पुन्हा वाचली. शेवटी उंबऱ्यापाशी येऊन त्यानं आत डोकावलं.

"आमच्या हिच्या वेळी मलाही थांबायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी थांबलो. इथंच यायचं ना?"

माझ्या बायकोनं आवाज ओळखला असावा. ती उठली, स्वतःचं स्टूल त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "हो. इथंच. बसा."